एका भाषणात एकच आकडा

त्या गुरुवारी मला माझ्याच कामाची किळस आली. कंटाळा नव्हे, कंटाळा तर मला रोज येतो. आंबलेल्या फडक्याचा वास हाताला लागला की कितीही धुवा, जात नाही, तशी किळस.

माझं काम संशोधकांना बोलायला शिकवण्याचं. त्याआधी वीस वर्षं मी रेडिओवर बातम्या वाचल्या. आमची संस्था आरोग्यावर संशोधन करते आणि तिथे एकाहून एक हुशार माणसं भरलेली आहेत. पण त्यांना चारचौघांत उभं केलं की एक तर दातखीळ बसते, नाहीतर मग तोंड थांबतच नाही. पडद्यावर मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं टाकायची, लोकांकडे पाठ करून ती वाचायची आणि वर म्हणायचं, "आपल्याला दिसतच असेल." काय दिसणार, कपाळ! एका महाभागाने बस चालवणाऱ्यांपुढे पाठदुखीवर पाऊण तास भाषण दिलं आणि त्यात 'पाठ' हा शब्द एकदाही आला नाही.

अशांना मी वळण लावते. माझे नियम फार नाहीत. आधी माणूस, मग माहिती. पडद्यावर सातपेक्षा जास्त शब्द नकोत. आणि एका भाषणात एकच आकडा. दोन आकडे सांगितले की ऐकणारा दोन्ही विसरतो, हे मी रेडिओवर शिकले होते. हा नियम माझा फार लाडका. आल्यागेल्याला ऐकवायचे मी तो.

शेवटची परीक्षा मात्र चहावाल्या मावशींची. खालच्या मजल्यावर त्यांची चहाची टपरीवजा खिडकी आहे. वय साठीच्या पुढे, शाळा चार इयत्ता. कोणतंही भाषण बाहेर जायच्या आधी संशोधकाने ते मावशींपुढे द्यायचं, ही पद्धत मी अकरा वर्षांपूर्वी पाडली. मावशी हात पुसून वर येत, माझ्या खोलीतल्या स्टुलावर ताठ बसत आणि एक शब्द न बोलता सगळं ऐकत. भाषण संपलं की उठून उभ्या राहत आणि म्हणत, "म्हणजे असं, की..." मग जे ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगत. ते ऐकून मी 'बरोबर' म्हणायचे, नाहीतर 'चूक'. चूक झाली तर दोष मावशींचा कधीच नसायचा. संशोधकाने गुपचूप पहिल्यापासून सुरुवात करायची. मोठमोठ्या पदव्यावाले माझ्या खोलीत रडलेत. मावशींना मात्र या कामाचा भारी अभिमान. "किडनीपासून डासापर्यंत सगळं तोंडपाठ झालंय मला," असं गिऱ्हाइकांना सांगायच्या.

आता पुटपुट्याबद्दल. हे नाव आम्हीच ठेवलेलं. एकोणतीस वर्षांचा काटकुळा मुलगा, डोकं तल्लख, पण वाक्याचा शेवट गिळून टाकायचा. गावाच्या कडेला एक शाळा आहे, तिच्या भिंतीला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायची शेड. पुटपुट्याने त्या शाळेतल्या दोनशे चौदा मुलांचं रक्त तपासलं. रक्तातलं शिसं मुलांच्या मेंदूला खातं, आणि एकदा खाल्लेलं परत येत नाही. सगळ्या मुलांची सरासरी काढली तर ती ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत होती. पण शेडच्या बाजूला खिडक्या असलेल्या तीन वर्गांत एकतीस मुलं अशी निघाली, की त्यांचं शिसं मर्यादेच्या वर. काहींचं तर दुप्पट.

निकाल हातात आले त्याच दिवशी तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, हे पालकांना लगेच सांगायला..." पुढचं नेहमीप्रमाणे पोटात गेलं.

"सांगू की," मी म्हणाले. "आधी वाक्य पुरं करायला शीक."

हे मी म्हणाले. मोठ्या ऐटीत म्हणाले. त्या गुरुवारी त्याला सहा आठवडे झाले होते.

आमचे संचालक म्हणजे गोड माणूस. इतका गोड, की शेजारी बसलं तरी अंग चिकट होतं. कागदाचं पान उलटायच्या आधी बोट चाटायची त्यांना सवय आहे. एकच कागद असला तरी चाटतात. महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं आणि बोट चाटून वेळापत्रक पुढे सरकवलं. एकाच दिवशी दोन कार्यक्रम होते. सकाळी विश्वस्तांपुढे, दुपारी चारला शाळेत पालकांपुढे.

"दोन श्रोते, दोन भाषणं," ते म्हणाले. "तुम्हीच म्हणता ना मॅडम, श्रोता ओळखा म्हणून? विश्वस्तांना एकतीसचा आकडा द्या. त्यांना गांभीर्य कळलं पाहिजे, नाहीतर अभ्यासाचं दुसरं वर्ष मंजूर करणार नाहीत. पालकांना सरासरी द्या."

"आणि एकतीस?"

"अहो, घाबरतील ना लोक! घाबरले की मुलं शाळेतून काढतील. मुलंच पांगली, तर पुढच्या वर्षी रक्त कोणाचं तपासायचं? तुलना संपली, अभ्यास संपला."

ज्या पोरांना त्या वर्गातून उचलून बाहेर काढायला हवं, ती तिथेच बसायला हवीत, कारण पुढच्या वर्षी त्यांच्यात किती शिसं साठलं ते मोजायचंय. माणूस हे इतक्या सहज बोलला, की जणू कुंडीतल्या रोपांचं चाललंय.

"त्या एकतीस जणांना वेगळी पत्रं तरी..."

"जातील ना! दुसरी तपासणी झाली की एकदमच जातील." ते हसले. "आणि मॅडम, नियम तर तुमचाच आहे. एका भाषणात एकच आकडा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. पण माझा नियम कोणीतरी लक्षात ठेवला, याचं मला आधी बरं वाटलं. थू माझ्या तोंडावर! मी मूग गिळून बसले. वर मनाची समजूतही घातली, की सरासरी खोटी थोडीच आहे, खराच आकडा आहे तो.

दारापर्यंत गेले तेव्हा ते मागून म्हणाले, "आणि सरावाला त्या चहावाल्या मावशी नकोत बरं का. त्यांची नात त्याच शाळेत आहे म्हणे."

नातीला मी ओळखत होते. मावशींच्या लेकीची मुलगी, नऊ वर्षांची, तिसरीत. सुट्टीच्या दिवशी चहाच्या खिडकीशी बसून गणितं सोडवायची आणि अडली की जीभ बाहेर काढायची. ती कोणत्या शाळेत जाते हे मला ठाऊक नव्हतं. आता कळलं. तिसरीच्या वर्गाच्या खिडक्या कोणत्या बाजूला आहेत, हे पुटपुट्याच्या नकाशावर बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनीच विचारलं. कप पुढे ठेवत म्हणाल्या, "बाई, त्या शाळेच्या भाषणाला मला हाक नाही मारलीत? पोरगा रोज वर जाताना दिसतो."

"या वेळी घाई आहे मावशी."

"घाईचं काय, मी खिडकी बंद करून येते की दहा मिनिटं."

"नको, नको," असं म्हणत मी चहा अर्धा टाकून जिना चढले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मावशींच्या जागी संचालकांनी आपला ड्रायव्हर पाठवला. तो पाचव्या मिनिटाला झोपला. संचालक दारात उभे होते, ते खूश झाले. "झोप लागली म्हणजे घाबरला नाही. उत्तम!"

आणि मी पुटपुट्याला तयार केलं. काय तयार केलं म्हणून सांगू! सुरुवातीला त्याच्या स्वतःच्या शाळेची गंमत. मग साबण लावलेल्या हातांचं चित्र. मग तो एक आकडा, मोठा, हिरव्या रंगात. हिरवा मीच सुचवला. शेवट गोड. तो प्रत्येक वेळी शेवटी अडखळत म्हणायचा, "पण काही मुलांमध्ये..." आणि मी प्रत्येक वेळी त्याच्या कागदावर लाल पेन्सिलने ते वाक्य खोडायचे.

"'पण'ने भाषण संपवत नाहीत," मी त्याला सांगितलं.

"मॅडम, मग ते कुठे सांगू?"

"दुसऱ्या भाषणात."

"दुसरं भाषण आहे का?"

मी पेन्सिलला टोक काढत बसले. त्याने पुन्हा विचारलं नाही. चार दिवसांत त्याची वाक्यं पुरी व्हायला लागली, पोरगं हसायलाही शिकलं. मी माझ्या कामात पटाईत आहे, याची मला आधी कधी लाज वाटली नव्हती.

गुरुवारी सकाळी विश्वस्तांची खोली. जाड गालिचा, बंद खिडक्या आणि सेंटचा वास. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'एकतीस' आलं. बिस्किटं चावायचा आवाज थांबला. मग एक विश्वस्त तोंड पुसत म्हणाले, "फारच प्रभावी!" दुसऱ्या म्हणाल्या, "अंगावर काटा आला बाई." काटा आला तो अर्धं मिनिट टिकला, मग हात परत बिस्किटांकडे गेले. शाळेला कोणी कळवलं का, मुलांना त्या वर्गातून हलवलं का, हे एकानेही विचारलं नाही. दहा मिनिटांत दुसरं वर्ष मंजूर झालं. संचालकांनी माझा हात हातात घेऊन दाबला. ओलं बोट मला जाणवलं. मी धुवायला गेले आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले.

दुपारी शाळा. सभागृह म्हणजे खालच्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतीला लावून ठेवलेली बाकं, पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. शेडच्या बाजूच्या खिडक्या बंद होत्या, तरी खिडकीच्या कट्ट्यावर राखाडी धूळ बसलेली. मी बोट फिरवलं तर बोट काळं झालं. रुमालाने पुसलं, आणि मग तो रुमाल पर्समध्ये टाकायलाही मन धजेना. पोरं रोज याच कट्ट्यांवर डबे ठेवून जेवतात.

खुर्च्या भरल्या. बायका जास्त, काही बाप, कामावरून तसेच आलेले. प्रत्येकाच्या हातात निळं कार्ड होतं. रक्त घेतलं तेव्हा प्रत्येक मुलाला दिलेलं, वर नुसता नंबर. पहिल्या रांगेत मावशी बसल्या होत्या. शेजारी लेक, आणि दोघींच्या मध्ये ती पोरगी, पाय हलवत. मावशींनी मला बघून हात वर केला. मीही केला. काय करणार?

भाषण सुरेख झालं. पुटपुट्याने आपल्या शाळेची गंमत सांगितली, लोक हसले. साबण आला. हिरवा आकडा आला. "तुमच्या शाळेची सरासरी मर्यादेच्या आत आहे," तो खणखणीत आवाजात म्हणाला. मग हात धुवा, दूध द्या, पालेभाज्या द्या. शेवटी "तुमची मुलं म्हणजेच आपलं भविष्य" हे माझं वाक्य. ते मला सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झाले होते. आता ते भर सभेत ऐकताना कान बंद करावेसे वाटले. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या मागची बाई शेजारणीला म्हणाली, "किती छान बोलला गं! माझा तर जीव भांड्यात पडला."

तिचं मूल त्या एकतीसमधलं असेल का, असा विचार माझ्या मनात आला.

संचालक पुढे झाले. "काही शंका?"

मावशी उठून उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण अकरा वर्षांची सवय. दोन्ही हात पुढे जोडून धरले आणि मान ताठ केली.

"म्हणजे असं, की आपल्या पोरांच्या रक्तात थोडं शिसं आहे, पण ते काळजी करण्याएवढं नाही. कोणत्याच पोराला धोका नाही. हात धुवायचे, दूध प्यायचं आणि शाळेत पाठवत राहायचं."

"अगदी बरोबर!" संचालक म्हणाले. "किती छान समजून घेतलंत!"

मावशी बसल्या नाहीत. "तुम्ही नाही साहेब," त्या म्हणाल्या. "ते आमच्या बाई सांगतात."

लोक हसले. मावशीही हसल्या, लेकीकडे बघून. लेकीला दाखवायचं होतं त्यांना, आपण संस्थेत नुसता चहा विकत नाही ते. मग लोकांच्या डोक्यांवरून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत राहिल्या. सगळी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली.

'बरोबर' जिभेवर आलं होतं. सोपा शब्द. तो म्हटला असता तर सगळे घरी गेले असते, मीही गेले असते. पोरगी खुर्चीवर पाय हलवत होती. कार्डाचा कोपरा तिने तोंडात धरला होता.

"चूक," मी म्हणाले.

मावशींचा चेहरा उतरला. "काय चुकलं माझं?"

"तुमचं नाही मावशी. तुम्ही जे ऐकलंत तेच सांगितलंत. चुकलं ते सांगणाऱ्याचं. भाषण मी लिहिलंय."

"मॅडम जरा थकल्यात," संचालक हसत हसत म्हणाले आणि माइककडे हात नेला. मला माइक लागत नाही. वीस वर्षं आवाजावर पोट भरलंय मी.

"सरासरी मर्यादेच्या आत आहे, ते खरं आहे," मी म्हणाले. "पण दोनशे चौदापैकी एकतीस मुलांच्या रक्तात शिसं जास्त आहे. काहींच्या रक्तात दुप्पट. ही मुलं शेडच्या बाजूच्या तीन वर्गांत बसतात. त्यांना त्या वर्गांतून आजच हलवायला हवं आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. हा आकडा आम्ही आज सकाळी दुसऱ्या लोकांना सांगितला. तुम्हाला सांगायचा नाही असं ठरलं होतं, कारण तुम्ही मुलं काढून घ्याल आणि आमचा अभ्यास बुडेल. ठरलं तेव्हा मी तिथेच होते. मी हो म्हणाले."

आधी नुसत्या खुर्च्या करकरल्या. मग एका बापाने विचारलं, "हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"सहा आठवडे," पुटपुट्या म्हणाला. स्पष्ट. मग त्याने पिशवीतून मूळ तक्ता काढला आणि टेबलावर ठेवला. "कार्ड घेऊन एकेक जण या. ज्याचा त्याला आकडा सांगतो."

"हे नियमात बसत नाही!" संचालक त्याच्या कानाशी लागले. "हे गोपनीय आहे!"

"त्यांच्याच मुलांचं रक्त आहे सर," पुटपुट्या म्हणाला आणि पहिलं कार्ड घ्यायला हात पुढे केला. संचालक फोन कानाला लावून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

मावशी अजून उभ्याच होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं, स्टुलावर बसून ऐकायच्या तसंच.

"म्हणजे असं," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, या वेळी हळू, "की सहा आठवडे मी तुम्हाला रोज चहा देत होते आणि तुम्हाला हे माहीत होतं. माझी पोरगी रोज त्या वर्गात जात होती. आणि ती तिथे जाते हे कळलं, म्हणूनच या वेळी मला वर बोलावलं नाहीत."

मला खाली बघायचं होतं. मी बघितलं नाही, तेवढं तरी केलं.

"बरोबर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. लेकीचा हात धरला, पोरीला पुढे घातलं आणि टेबलापुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांग हळूहळू सरकत होती. काही बायका आकडा ऐकून सुटकेचा निःश्वास सोडत होत्या आणि मग बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून गप्प होत होत्या. एक बाप आकडा ऐकल्यावर तिथेच खाली बसला. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्याजवळ कोणी आलं नाही, मला कोणी काही म्हणालंही नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हेही किती घाणेरडं, तिथेही मला स्वतःलाच बरं वाटायला हवं होतं.

मावशींचा नंबर आला. पुटपुट्याने निळं कार्ड घेतलं, तक्त्यावरून बोट खाली नेलं आणि एका जागी थांबवलं. मला भिंतीपाशी राहवेना. मी टेबलाजवळ गेले.

"जास्त आहे आजी," तो म्हणाला. एक शब्द गिळला नाही त्याने. "मर्यादेच्या दुपटीहून थोडं वर आहे."

"मग आता?"

"उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात न्यायचं, मी तिथे येतो. यापुढे त्या वर्गात पाठवायचं नाही. घरी आल्यावर आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे."

"उद्या सकाळी मोठा दवाखाना," मावशी लेकीला म्हणाल्या. "हे येणार आहेत. वर्गात पाठवायचं नाही. आंघोळ, कपडे वेगळे." लेक रडत होती, तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं, म्हणून मावशींनी तिला परत पहिल्यापासून सांगितलं. पोरगी एकदा आईकडे बघत होती, एकदा आजीकडे, आणि मग माझ्याकडे बघून ओळखीचं हसली.

"मावशी," मी म्हणाले, "माझी गाडी आहे. उद्या मी नेते तुम्हाला."

मावशींनी टेबलावरचं कार्ड उचललं आणि पोरीच्या खिशात नीट घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाजूला व्हा बाई. मागे माणसं थांबलीत."

मी बाजूला झाले.